म्हशीच्या तोंडात घातलेला हात

माझा आवाज मोठा आहे असं सगळे म्हणतात. म्हणू देत. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून पिठाच्या गिरणीत उभी आहे. पट्टा सुरू झाला की हातभर अंतरावरच्या माणसाशीही ओरडूनच बोलावं लागतं, आणि गिरण बंद झाल्यावर आवाज खाली आणायचं ध्यानात राहत नाही. माझं माहेर नेसरीचं. तिथं गेले की बहीण म्हणते, "अक्का, हळू बोल, भांडण लागलंय वाटतंय लोकास्नी." मी म्हणते, लागलं तर लागू दे. एकदा याच आवाजाचा उपयोग झाला, तेवढं सांगते.

आमचं घर कोल्हापुरातल्या जुन्या पेठेत. पुढं गिरण, मध्ये आम्ही दोघं, मागं गोठा. गिरण माझी, गोठा मालकांचा. मालक म्हणजे माझा नवरा. गोठ्यात चार म्हशी. रोज संध्याकाळी त्यांतल्या दोन घेऊन मालक कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर जातात. परगावच्या पावण्यांना त्याचं फार नवल वाटतं. म्हैस रस्त्याकडेला उभी, गिऱ्हाईक घरनं आणलेला ग्लास हातात धरून उभं, आणि धार थेट ग्लासात. वर फेस, खाली कोमट दूध, तापवायची भानगड नाही. तालमीतली पोरं, ऑफिस सुटलेली माणसं, रंकाळ्यावर फिरून आलेले म्हातारे, सगळे तिथं उभ्या उभ्या दूध पितात, मिश्या पुसतात आणि राजकारणावर भांडतात. मालकांच्या आजोबांपासूनचा हा कट्टा. आमच्या घरात देवाच्या खालोखाल त्याचा मान.

चार म्हशींतली सगळ्यात दांडगी पेठ वडगावच्या बाजारातून आणलेली. तिला आम्ही वडगावचीच म्हणायचो. दुधाला चांगली, स्वभावानं माझ्यासारखी. मालक सोडून कुणाला कासेला हात लावू द्यायची नाही. तिच्या गव्हाणीपाशी एक तांबडं कुत्रं बसायचं. ते आणलं कुणी नव्हतं, आपलं आपणच आलं आणि राहिलं. धार काढायला बसले की मालक पहिली धार भांड्यात घ्यायचे नाहीत, कुत्र्याच्या तोंडात मारायचे. ते बरोबर तोंड उघडून बसलेलं असायचं. एक थेंब खाली सांडायचा नाही. गल्लीतली पोरं ते बघायला यायची आणि मालकांना त्याचा भारी अभिमान.

कुत्र्यांना लस टोचायची गाडी पेठेत आली होती. भोंग्यावर सांगत होते की पाळलेली कुत्री घेऊन या, रेबीजची लस फुकट आहे. मी गिरणीतून ओरडले, "अहो, न्या की तांबड्याला!" मालक म्हणाले, "त्याला कशाला? ते काय गटारीवरचं हाय? म्हशीच्या निरशा दुधावर वाढलंय ते. नाद करायचा न्हाय त्याचा." गल्लीतल्या निम्म्या लोकांचं उत्तर असलंच होतं. आपल्या घरचं खाल्लेल्या कुत्र्याला रोग होत नाही अशी आमची पक्की समजूत. दाराबाहेरच्या कुत्र्याला होतो, दारातल्याला नाही. जसं काही रोग दार बघून आत येतो! गाडी निघून गेली आणि मीही दळणाला लागले.

दिवाळी झाली आणि एका संध्याकाळी मालक गोठ्यातून आले ते म्हणाले, "तांबडं आज धार घ्यायला तयार न्हाय." तोंडासमोर धार मारली तरी त्यानं तोंड उघडलं नाही. दूध त्याच्या नाकावरून खाली ओघळलं आणि ते गव्हाणीखाली जाऊन अंधारात बसलं. दुसऱ्या दिवशी भुंकलं, तर आवाज भलताच घोगरा. वडगावचीनं वैरण खायला मान खाली घातली तसं त्यानं उसळून तिच्या नाकपुडीला दात लावले, आणि वरच्या वर भिंतीवरून उडी मारून जे गेलं ते परत आलंच नाही. मालकांनी म्हशीच्या नाकाला हळद भरली. दोन दिवस कुत्र्याची वाट बघितली. मग म्हणाले, "गेलं असंल कुठंतरी." आम्हाला दोघांनाही वाईट वाटलं, पण जखम भरून आली आणि पुढं आम्ही विसरलो.

थंडी चांगली पडली. उसाची तोड जोरात चालली होती. त्या दिवसांत आमच्याकडं म्हशींना वाडं असतं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. गाडीभर वाडं येतं, मालक आणि मी ते विळीवर तोडतो. उसाचा पाला म्हणजे करवत, हात कोपरापर्यंत चरचरत असतात. त्याला कुणी जखम म्हणत नाही. हंगामभर ते तसंच असतं.

एका सकाळी वडगावचीनं वाड्याला तोंड लावलं नाही. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या, मान पुढं ताणलेली, आणि सारखी हंबरत होती. तिचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. पाण्याची बादली पुढं केली, तर तोंड घातलं आणि गिळता येईना.

मालक म्हणाले, "कांडं अडकलंय घशात." आमच्या भागात म्हशीला लाळ सुटली की पहिला विचार हाच. उसाचं कांडं, नाहीतर वाड्याचा बुडखा. आणि पहिला उपायही एकच, हात घालून काढायचा. मालकांनी हाक मारली, "अगं, गिरण बंद कर आणि दावं धरायला ये!" मी पिठाच्या हातानंच गेले. दावं त्यांनी माझ्या हातात दिलं, म्हणाले, "घट्ट धर." मी मान वर ओढून धरली. मालकांनी तिची जीभ एका हातानं बाजूला घेतली आणि दुसरा हात घशात कोपरापर्यंत घातला. लाळ त्यांच्या दंडावरून, दाव्यावरून माझ्या मनगटावर येत होती. आदल्याच दिवशी चाळणीच्या तारेनं माझं बोट कापलं होतं, ते चुरचुरलं. तेवढंच मला कळलं.

घशात काही नव्हतं. मालकांनी दोनदा बघितलं. मग हात हौदात बुचकळून धोतराला पुसला आणि जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर म्हणजे तरुण बाई, आमच्याकडं नेहमी येणारी. एरवी आली की आधी वडगावचीच्या पाठीवर थाप मारायची. त्या दिवशी गोठ्याच्या दारातच थांबली. थोडा वेळ नुसती बघत राहिली. मग तिनं विचारलं, "मामा, गोठ्यात एक कुत्रं होतं की, कुठाय ते?"

मालकांनी सांगितलं. नाकपुडीचंही सांगितलं. तिचा चेहरा उतरला.

"हिच्या तोंडात हात कुणी घातला?"

मालकांनी हात मागं नेला. तिनं मालकांच्या हाताकडं बघितलं, पाल्यानं चिरलेल्या. मग माझ्या बोटाकडं. म्हणाली, "लक्षणं रेबीजची आहेत. ही आता वाचायची नाही, मामा. पण तुमच्या दोघांचं अजून हातात आहे. आत्ताच्या आत्ता नळाखाली साबणानं हात धुवा. वाहत्या पाण्यात, चांगले पाव तास. आणि आजच सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या. माणसात हा रोग दिसायला लागला की मग औषध नाही. लस आहे ती त्याच्या आधीच."

मी मालकांना ओढतच गिरणीपुढच्या नळावर नेलं. कपड्याचा साबण घेतला आणि त्यांचा हात असा घासला की ते म्हणाले, "कातडं काढतीस काय?" मी म्हटलं, काढते. मग माझे हात धुतले. धुऊन झाल्यावर मी पदर खोचला आणि म्हटलं, चला.

मालक जागचे हलले नाहीत.

"मला काय कुत्रं चावलंय?" ते म्हणाले. "म्हैस चावली न्हाय, कुत्रं चावलं न्हाय, आणि मी इंजेक्शन घ्यायचं? खुळी हायस काय?"

"डॉक्टरीणबाई काय म्हणाली ऐकलंत ना?"

"ऐकलं. तू जा, तू घे. मी दवाखान्यात कुत्र्याच्या रांगेत उभारलो की सांजंपर्यंत पेठभर होतंय. वडगावचीचं दूध परवापर्यंत लोक कट्ट्यावर प्यालेत. कळलं तर उद्यापासून एक माणूस यायचा न्हाय. आजोबाचा कट्टा मी बुडवू?"

मला असा राग आला! एवढा मोठा गडी, चार म्हशी हाकणारा, आणि कट्ट्यासाठी जीव द्यायला निघालेला. मी नको नको ते बोलले. ते वैरणीच्या पेंढीवर बसून राहिले. मी रडले, तेही ओरडूनच. शेजारीण खिडकीतून डोकावली तशी तिच्यावरही खेकसले. पण मालकांचं एकच, कुत्रं चावलेलं नाही.

डॉक्टरीणबाई अजून तिथंच होती. वडगावचीला वेगळं बांधायला आणि बाकीच्या म्हशींना लस द्यायला तिनं सांगितलं. मी तिला दुधाचं विचारलं. ती म्हणाली, "उकळलेल्या दुधाची भीती नाही. कच्चं प्यालेल्यांनाही सहसा काही होत नाही, पण त्यांना सांगा. दवाखान्यात विचारून घेऊ देत. लपवू नका, मामी."

मग मी ठरवलं. संध्याकाळी कट्ट्याची वेळ झाली. त्या दिवशी म्हशी बाहेर काढायच्या नव्हत्या. मी गिरणीला कुलूप लावलं आणि एकटीच कट्ट्यावर गेले. नेहमीची माणसं जमलेली. ग्लास हातात, म्हशींचा पत्ता नाही. त्यांत एक रिटायर झालेला एसटी ड्रायव्हर होता, मालकांच्या बापाच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. त्यानं विचारलं, "वैनी, आज तुमी? आमचा गडी कुठाय?"

मी सांगून टाकलं. तांबडं कुत्रं, वडगावचीची नाकपुडी, आजची लाळ, डॉक्टरीणबाई काय म्हणाली ते, सगळं. हळू सांगायला मला येत नाही, त्यामुळं समोरच्या पानपट्टीपर्यंत ऐकू गेलं. सांगताना माझी मान खाली जात होती आणि आवाज वर जात होता. "तुम्ही तिचं दूध कच्चं प्यालाय. दवाखान्यात जाऊन विचारा. उशीर करू नका."

एक जण "आयला" म्हणाला आणि ग्लास पिशवीत घातला. एक बाई तणतणत निघून गेली, तिचं बरोबरच होतं. ड्रायव्हरनं विचारलं, "आणि हात घातलेला गडी? त्यानं घेतली सुई?"

"न्हाय म्हणतायत. कुत्रं चावलं न्हाय म्हणे."

म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं, मग तालमीतल्या पोरांकडं. म्हणाला, "चला रे."

सात-आठ माणसं माझ्या मागं आमच्या गोठ्यात. मालक अजून पेंढीवरच होते. ड्रायव्हर त्यांच्यासमोर उभा राहिला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "काय पैलवान? सुईला भितोस व्हय?"

"कोण भितंय?" मालक उठले.

"मग बसलायस का? तुझ्या म्हशीचं दूध आमी डोळं झाकून प्यालो. आता दवाखान्यात आमी जायचं आणि तू हितं वैरण चघळत बसायचं? तू पुढं हो. तू दंड पुढं केल्याबगर आमच्यातला एक माणूस आत जायचा न्हाय. बसू हितंच. काय व्हायचं ते तुझ्या दारात होऊ दे."

पोरं खरंच खाली बसली. एकानं तर गव्हाणीला पाठ टेकून मोबाईल काढला. मालकांनी सगळ्यांकडं बघितलं. कोल्हापूरच्या माणसाला समजावून सांगितलेलं कळत नाही, डिवचलेलं कळतं. हे मला एवढी वर्षं संसार करून माहीत होतं, पण बायकोनं डिवचलेलं चालत नाही ना! त्यांनी टोपी घातली आणि म्हणाले, "रिक्षा बोलवा."

दवाखान्यात डॉक्टरांनी दूध प्यालेल्या माणसांना एकेकाला विचारलं, समजावलं आणि काय ते ठरवलं. मालकांच्या हातावरच्या चिरा बघून मात्र त्यांनी जास्त विचारलं नाही. चिरांच्या कडेनं सुया, मग दंडात लस. पुन्हा कधी कधी यायचं ते नीट सांगितलं. मालकांनी डोळे मिटले होते आणि ड्रायव्हर बाजूनं म्हणत होता, "ओरड की मोकळ्या मनानं, हितं कोण वळखीचं न्हाय." खरं तर निम्मी पेठ तिथं उभी होती. माझ्या बोटालाही टोचलं. भयंकर दुखलं. मी मात्र ओरडले.

वडगावची फार दिवस राहिली नाही. मागचे पाय गेले, आवाज गेला. मालक लांब उभे राहून बघायचे. जवळ जायचं नाही असं डॉक्टरीणबाईनं बजावलं होतं. ती गेली तेव्हा खोल खड्डा काढून चुना टाकून पुरली. मालक बायकांसारखे रडले असं लोक म्हणाले. मी म्हटलं, बाप्याचं रडणं वेगळं असतंय काय?

कट्टा बरेच दिवस बंद राहिला. उरलेल्या म्हशींना लस झाली, त्यांच्यावर लक्ष ठेवून झालं आणि डॉक्टरीणबाईनं हो म्हटल्यावर पुन्हा सुरू झाला. पहिल्या संध्याकाळी सगळे आले नाहीत. काही घरी तापवून प्यायला नेऊ लागले, ते शहाणपणाचंच. ड्रायव्हर आला. ग्लास पुढं करून म्हणाला, "भर."

पुढच्या वेळी लसीची गाडी पेठेत आली तेव्हा ती आमच्या कट्ट्यावरच थांबली. मालकांनी सांगून ठेवलं होतं. आणि माझा आवाज होताच. गिरण बंद ठेवून मी गल्लीभर फिरले. "दूध-भाकरी खातंय म्हणून रोग होत न्हाय असं काय न्हाय! आणा ते कुत्रं बाहेर!" एक जण म्हणाला, आमचं चावत नाही. मालकांनी बाही वर करून त्याला दंड दाखवला आणि म्हणाले, "मला बी कोण चावलं न्हवतं." तो निमूट कुत्रं घेऊन आला. आमच्या दारात आता एक काळं पिल्लू आहे. त्याचीही लस झाली. ती झाल्याशिवाय मालकांनी त्याला पहिली धार दिली नाही. ते केविलवाणं तोंड उघडून बसायचं आणि मालक मान फिरवायचे.

हे सगळं बाहेरचं झालं. घरातलं वेगळंच चाललं होतं. लसीचे सगळे डोस आम्ही वेळच्या वेळी घेतले, डॉक्टर म्हणाले आता काळजी नको. पण हा रोग आला की माणसाला पाणी गिळता येत नाही, हे माझ्या डोक्यात बसलं होतं. कितीतरी महिने माझा जीव टांगणीला होता. सकाळी मालक गोठ्यातून आले आणि तांब्या तोंडाला लावला की मी हातातलं काम सोडून त्यांच्या गळ्याकडं बघत राहायची. घाटी खाली-वर झाली, पाणी उतरलं, की मग गिरणीचं बटण दाबायची. कुणाला बोलले नाही. मालकांना तर मुळीच नाही.

त्याच दिवसांत मालकांना एक नवी सवय लागली. उभ्या जन्मात ज्यांनी मला कधी पाण्याचा पेला दिला नव्हता, ते रोज सकाळी स्वतः तांब्या भरून गिरणीत आणून द्यायचे. "पी," म्हणायचे आणि उभे राहायचे. मला वाटायचं, त्या दिवशी हट्ट केला त्याची लाज वाटते आहे. बरं वाटायचं मला. मी भाव खाऊन, सावकाश प्यायची.

आंब्यांचे दिवस संपत आले होते. एका सकाळी मालक दारात उभे राहून पाणी पीत होते आणि मी चाळण हातात धरून बघत होते. त्यांनी तांब्या खाली घेतला.

"रोज काय बघतीस?"

"काय न्हाय."

"काय न्हाय कसं? मी तांब्या उचलला की तुझी गिरण थांबती."

मला खोटं बोलता येत नाही. "गिळता येतंय का बघते," मी म्हटलं. आवाज मोठा निघाला नाही.

मला वाटलं हसतील, नाहीतर चिडतील. ते दळणाच्या पोत्यावर बसले.

"आणि मी तुला रोज पाणी कशापायी आणून देतोय?" ते म्हणाले. "हात मी माझ्या मर्जीनं घातला. तुला मी बोलावून घेतलं. दावं मी तुझ्या हातात दिलं. तू प्यालीस की मग मी जातोय गोठ्यात."

एवढी मोठ्या आवाजाची बाई मी, आणि नुसती उभी राहिले. मालक उठले, तांब्या भरून आणला आणि माझ्यापुढं धरला. मी सगळा संपवला. मग त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, पुन्हा भरला आणि माझ्यासमोर उभं राहून प्याले.